डिंक वाळेपर्यंत

३ फेब्रुवारी

ही वही प्रयोगशाळेची आहे. निवृत्त होताना तीन कोऱ्या वह्या घरी आणल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. पानावर रकाने छापलेले आहेत: नमुना, वेळ, निरीक्षण, शेरा. बिद्रीला कारखान्यात चौतीस वर्षं मी उसाचा रस तपासला. रकाने समोर असले की मला लिहायला सुचतं.

विषय: भाजी चिरायचा बोर्ड.

माझ्या बायकोला, आक्काताईला, १९ डिसेंबरला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय बराच परत आलाय, काठी घेऊन घरात फिरते. बोलणं शाबूत आहे, शंका असेल त्यानं शेजारी विचारावं. डावा हात मात्र जिथं ठेवला तिथंच राहतो. व्यायाम करून घ्यायला क्रांती मॅडम येतात. त्या आज म्हणाल्या, पहिले सहा महिने महत्त्वाचे आहेत, हात कामाला लावाल तेवढा येईल, ह्यांना स्वयंपाकघरात जाऊ द्या. एका हातानं चिरायचा बोर्ड मिळतो म्हणे. मधे दोन खिळे असतात, कांदा त्यावर टोचून बसवायचा आणि उजव्या हातानं सुरी चालवायची.

प्रसेनजीतला पुण्याला फोन केला. पोरानं बोलता बोलता फोटो पाठवला. चार दिवसात घरपोच. प्लॅस्टिकचा. मी म्हटलं, भाजीबरोबर प्लॅस्टिक पण चिरून तुझ्या आईच्या पोटात घालायचं का? लाकडाचा मी करतो. किती दिवस लागतील, त्यानं विचारलं.

शेरा: आठ दिवस.

६ फेब्रुवारी

आक्काताईनं विळी मागितली. दिली नाही. माळ्यावर ठेवली आहे, पात्याला कापड गुंडाळून. बोर्ड होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं.

मागच्या महिन्यात तिनं एकदा टोमॅटो आणि सुरी हातात घेतली होती. मी ओरडलो. टोमॅटो खाली पडला. माझ्या ओरडण्यानं पडला असं तिचं म्हणणं आहे. मी वाद घातला नाही, फरशी पुसली.

८ फेब्रुवारी

पिराजी सुताराकडे गेलो. तालमीच्या मागं त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा आणि खाली भुसा. मी आकृती काढून नेली होती. अठरा बाय बारा इंच, पाच पट्ट्या जोडून, मधे दोन स्टेनलेसचे खिळे, दोन कडांना उंच पट्टी. त्यानं कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाला, "पाट करालासा व्हय? मग खिळे कशाला? बसणाऱ्यावर राग हाय का काय?"

समजावण्यात अर्धा तास गेला. मग सागाच्या पट्ट्या काढून दिल्या, कुणाच्या तरी खिडकीतल्या उरलेल्या. डिंक कुठला वापरू, म्हटल्यावर म्हणाला, लावा की कुठलाबी.

कुठलाबी म्हणजे काय? बोर्ड रोज धुतला जाणार. डिंक सुटला तर भाजीत जाणार, भाजी हिच्या पोटात जाणार. ह्या गावात माणसं मटणाला कुठली चटणी ह्यावर तासभर भांडतात आणि डिंकाला कुठलाबी म्हणतात.

मी बाहेर जाताना आक्काताईला शेजारी स्वप्नालीकडे बसवून जातो. एकटं ठेवत नाही. स्वप्नाली कॉलेजातल्या पोरींचे डबे करते, डिसेंबरपासून आमचाही डबा तिच्याकडूनच येतो. दहाला सोडायचं, साडेबाराला आणायचं. तेवढाच हिला विरंगुळा.

१३ फेब्रुवारी

नमुना १: साधा पांढरा डिंक, सुतार वापरतात तो. दोन तुकडे जोडून चोवीस तास वाळवले, चोवीस तास पाण्यात ठेवले. बोटानं सुटले. मधे ताकासारखं पाणी.

नमुना २: सरस. पिराजीचा आग्रह. जनावरांच्या हाडा-कातड्याचा असतो, शिजवून गरम लावायचा. त्याच्या बापानं सरसानं जोडलेला पाट अजून शाबूत आहे म्हणे. आमच्या घरात शिजवला. आक्काताई पदर नाकाला लावून म्हणाली, ह्यापेक्षा दवाखान्यात बरा वास होता. उकळत्या पाण्यात घातल्यावर चार मिनिटात तुकडे वेगळे. पिराजीला सांगितलं तर त्याला राग आला. म्हणाला, "पाटावर बसत्यात. पाट उकळत न्हाईत कोण."

डब्यात बटाट्याची भाजी. फोडींना काही मेळ नाही. एक सुपारीएवढी, एक लिंबाएवढी. मोठ्या कच्च्या राहिल्या. मी पट्टी लावून मोजलं: सर्वात मोठी साडेतीन सेंटिमीटर. आक्काताईनं विचारलं, "कशी झालीया?" मी म्हटलं, चिरणाऱ्याला अक्कल नाही. एवढे दिवस चांगली देत होती, आता काय झालं कुणास ठाऊक.

संध्याकाळी ती जेवली नाही. रक्तदाब बघितला, बरोबर होता.

१७ फेब्रुवारी

आठ दिवसांचे चौदा झाले. डिंक ठरलेला नाही.

स्वप्नालीला फोडींबद्दल नीट समजावून सांगितलं. एका आकाराच्या असल्या की सगळ्या एकदम शिजतात, हे शास्त्र आहे. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चिरणारीला सांगतो की काका." म्हणजे बाई ठेवलेली दिसते. घरचं म्हणून डबे द्यायचे आणि चिरायला बाई. पण चेहरा एवढा गंभीर ठेवून ऐकलं तिनं, की पुढं बोलवेना.

२२ फेब्रुवारी

नमुना ३: दोन नळ्यांचा डिंक, सम प्रमाणात मिसळून लावतात. पाण्यात दोन दिवस, उकळत्या पाण्यात एक तास. हातोडीनं सुद्धा सुटला नाही. लाकूड फाटलं, जोड फाटला नाही. पण नळीवर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं आहे आणि अन्नाबद्दल त्यात एक शब्द नाही. जो आपल्याबद्दल एवढं बोलतो आणि नेमकं तेवढंच बोलत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आक्काताईला म्हटलं, उशीर होतोय. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "होऊ दे की. नीट बघून घ्या. लक्ष्मीपुरीत बघितलासा का? तिकडं मोठी दुकानं हायती." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामात तिनं पहिल्यांदाच एवढा रस घेतला. बरं वाटलं.

४ मार्च

आज पंचाहत्तर दिवस झाले. एकदा लिहून ठेवतो.

१९ डिसेंबर. ७:३० ती पीठ मळत होती, म्हणाली हातातनं पीठ सुटतंय. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, थंडी आहे, शेक. ८:४५ चहाचा कप पडला. मी म्हटलं, लक्ष कुठं आहे तुझं. १०:१० दवाखाना. डॉक्टर म्हणाले, अजून लवकर आणलं असतं तर. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

दोन तास चाळीस मिनिटं. रसाचा नमुना एवढा वेळ कुणी तसाच ठेवला असता तर मी त्याला प्रयोगशाळेतून हाकलला असता.

मला भीती वाटते. तिच्या हातात धारेचं काही दिसलं की मी आधी ओरडतो, मग बघतो. ती घास तोंडाकडे नेते तरी माझा हात आपोआप पुढं जातो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचा विषय: नमुना ४.

९ मार्च

नमुना ४: पांढराच, पण पाण्याला टिकणारा. लक्ष्मीपुरीत मिळाला, तिचं म्हणणं बरोबर निघालं. थंड पाण्यात दोन दिवस: काही नाही. उकळत्या पाण्यात किंचित मऊ, वाळल्यावर परत घट्ट. बोर्ड उकळायचा नाही हे पिराजीचं म्हणणं इथं मान्य करतो.

शेरा: डिंक ठरला.

आक्काताईच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. काय लागलं विचारलं. पत्र्याच्या डब्यानं कापलं म्हणाली. स्वप्नालीकडे कुठला डबा उघडत होतीस, तर म्हणाली, "तुमी डिंकाचं बघा." मी जखम उघडून बघितली, औषध लावलं, तासाभरानं परत बघितली. मग ती ओरडली.

निष्कर्ष: बोर्डाच्या चारी कडा गोल करायच्या.

१६ मार्च

जोडला आणि फुकट गेला. पट्ट्या दाबून धरायचे शिकंजे जोरात आवळले, डिंक सगळा बाहेर आला. वाळल्यावर एक जोड हातानं उघडला. पिराजी बघून म्हणाला, "उसाचा रस काढालासा व्हय? थोडा आत ऱ्हाऊ दे की." शिवाय सागात तेल असतं, जोडायच्या आधी थिनरनं पुसायला पाहिजे होतं. हे आधी का सांगितलं नाहीस, म्हटलं. "तुमी शास्त्रवाले," म्हणाला.

डब्यात भेंडी. फोडी जाड पण सारख्या. बाई सुधारते आहे. आक्काताईनं विचारलं, कशी झालीया. मी म्हटलं, बरी आहे, एक सेंटिमीटरच्या आसपास. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

२३ मार्च

थिनरनं पुसून, बेतानं आवळून परत जोडला. चार दिवस हात लावायचा नाही असं ठरवलं. तीन वेळा हात लावला. घट्ट आहे.

माळ्यावर विळी नाही. आक्काताई म्हणाली, स्वप्नालीची बोथट झाली म्हणून तिनं मागून नेली. उतरवली कुणी? स्वप्नालीनंच, स्टुलावर चढून. मला विचारायला काय झालं होतं, असं मी म्हणणार होतो. पण एका अर्थी बरंच झालं, घरात विळी नाही म्हणजे रोजची कटकट नाही. मी रात्री तेवढा शांत झोपतो.

२८ मार्च

रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासला. बोर्ड दिसायला चांगला झालाय. पिराजीनं हात फिरवला आणि म्हणाला, "बसायला झकास."

आता वरचा हात काय द्यायचा हा प्रश्न. तो डिंकापेक्षा अवघड निघाला. चार तुकड्यांवर चार प्रकार लावून खिडकीत ठेवले आहेत.

घाण्याचं शेंगतेल: शुद्ध, घरातलं, पण खवट होणार. लाखेचं पॉलिश: चमक छान, गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग. दुकानातलं व्हार्निश: सुरीनं पापुद्रे निघतात. जवसाचं तेल: वाळतं, टिकतं, जवसाची चटणी आपण खातोच. पण दुकानात डब्यात मिळतं त्यात लवकर वाळायला काहीबाही घातलेलं असतं, आणि कच्चं तेल वाळायला महिना घेतं.

क्रांती मॅडम आल्या होत्या. हिच्या डाव्या हाताची बोटं मिटायला लागली आहेत. मॅडमनी विचारलं, घरी काय करून घेता? मी म्हटलं, तुम्ही सांगितलेला चेंडू दाबते, दिवसातून दोनदा. मॅडम म्हणाल्या, नुसत्या चेंडूनं एवढं येत नाही. आक्काताई खिडकीबाहेर बघत होती.

५ एप्रिल

खिडकीतला शेंगतेलाचा तुकडा आठ दिवसात वास मारायला लागला. मुंग्या पण आल्या. जवसाचा अजून चिकट आहे.

इंटरनेटवर बघून ठरवलं: लिक्विड पॅराफीन. मेडिकलमध्ये मिळतं, पोट साफ व्हायला देतात. वास नाही, चव नाही, खवट होत नाही, भाजीतून गेलं तरी नुकसान नाही. सहा बाटल्या मागितल्या. दुकानदारानं वर बघितलं. "कधीपास्नं?" मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. त्यानं दोनच बाटल्या दिल्या आणि आधी डॉक्टरला दाखवा म्हणाला. डॉक्टरचा काय संबंध, म्हटलं, मला फक्त चार हात मारायचेत. तो आत निघून गेला.

७ एप्रिल

डब्यात पालक. सोबत पपई.

पिराजीनं बसवून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्याच्या थोरल्या भावालाही होतं, एरंडेल घ्या, लाजायचं काय त्यात. परत येताना तालमीसमोर एका माणसानं, ज्याचं नाव पण मला माहीत नाही, मला विचारलं, "पावणं, हाय का फरक?" शिवाजी पेठेत पाणी वेळेवर येत नाही, बातमी येते.

आक्काताईला सांगितलं. ती हसली. हसता हसता खुर्चीवरून सरकली, मी धरायला उठलो तर हातानंच नको म्हणाली आणि परत हसली. तोंडाची डावी बाजू अजून जरा मागं राहते. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच हसली. आणखी चार बाटल्या आणायला मी तयार आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पुतळ्याला हार घालून आलो. मिरवणुकीला गेलो नाही. दरवर्षी ह्या दिवशी आमच्याकडे पंचवीस-तीस माणसं खीर खायला येतात, यंदा कुणाला बोलावलं नव्हतं, तरी आली. डोकी बघून मला घाम फुटला. तेवढ्यात स्वप्नाली मोठं पातेलं घेऊन आली. गव्हाची खीर, जायफळ, खसखस, सगळं. हिच्याच हातची वाटावी अशी. हिनंच पोरीला शिकवली असणार. खोबऱ्याचे काप तेवढे जरा जाड होते, पण सारखे.

सगळे आक्काताईला म्हणत होते, तुझ्या खिरीची आठवण झाली. ती नुसती वाढत होती. उजव्या हातात पळी, वाटी डाव्या हाताच्या आधारावर. एक वाटी कलंडली. मी धावलो. सगळ्यांच्यासमोर मी तिच्या हातातून पळी काढून घेतली.

नंतर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दमली असेल.

१९ एप्रिल

चार महिने. पॅराफीनचे तीन हात झाले. खिळे बसवले, टोकं जरा बोथट केली. खाली रबराचे पाय. एक मेणाचा हात दिला की संपलं. मधमाशीचं खरं मेण पिराजीच्या ओळखीचा एकजण गगनबावड्याकडून आणून देणार आहे, उद्या.

२० एप्रिल

मेणवाला आला नाही. पिराजीचं दुकान बंद होतं, त्याच्या नातीचं काहीतरी होतं. अकरालाच परत आलो.

स्वप्नालीकडे गेलो, हिला घेऊन यावं म्हणून. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात आक्काताई जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला लावून. पुढ्यात आमची विळी, उजव्या पायाखाली दाबलेली. शेजारी वांग्यांचा ढीग, पाण्याचं पातेलं. डाव्या हाताच्या बोटात वांगं धरलं होतं. धरलं होतं म्हणजे, बोटं त्याच्याभोवती होती आणि वांगं पडत नव्हतं. उजव्या हातानं ते पात्यावर ढकलत होती. दोन, मग चार. पाण्यात टाकायचं, दुसरं घ्यायचं.

माझा हात चौकटीला होता. ह्या वेळी ओरडलो नाही, कसं ते माहीत नाही.

स्वप्नाली कणीक मळत होती. म्हणत होती, काकू, आता सांगा की काकांना, किती दिवस लपवायचं. आक्काताई म्हणाली, "नको. ह्यांच्यासमोर माझा हात चालत न्हाई. ह्यांचा जीव वर-खाली होतोय, ते बघून माझा हात थांबतोय. डिंक बघू देत त्यास्नी. तेवढे दोन तास मला घावत्यात."

मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. रंकाळ्यावर जाऊन बसलो. साडेबारा वाजायला खूप वेळ लागला.

घरी येऊन सांगितलं, मेण मिळालं नाही, बरेच दिवस लागतील. ती म्हणाली, लागू देत. डब्यात भरली वांगी. "कशी झालीया?" मी म्हटलं, चांगली. पट्टी आणली नाही.

२१ एप्रिल

फेब्रुवारीपासूनची पानं परत वाचली. चिरणाऱ्याला अक्कल नाही असं १३ तारखेला लिहिलंय. तिच्या तोंडावर तसंच म्हटलं होतं. तिनं एका हातानं चिरलेला पहिला बटाटा असणार तो. पान फाडावं वाटलं. प्रयोगशाळेची वही फाडत नाहीत.

क्रांती मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, हात कामाला लावा. मी डिंक लावत बसलो. तिनं माझ्यापासून लपून हात बरा केला. हे लिहायला लाज वाटते, पण असंच झालंय.

२२ एप्रिल

मेण मिळालं. लावलं, फडक्यानं घासलं. बोर्ड पूर्ण.

आक्काताईला सांगितलं, अजून ओला आहे. दहाला तिला स्वप्नालीकडे सोडलं आणि निघालो.

२६ एप्रिल

दहा ते साडेबारा रंकाळा. घरी सांगितलं: मेण चिकट राहिलंय, पिराजीला दाखवायला गेलो होतो.

२९ एप्रिल

दहा ते साडेबारा बिंदू चौक, मग वाचनालय, मग रंकाळा. ऊन फार. घरी सांगितलं: पिराजी म्हणतो, अजून आठ दिवस.

पिराजीला ह्यातलं काही माहीत नाही. तो रस्त्यात भेटला आणि आक्काताईसमोरच म्हणाला, "बरेच दिवसात आला न्हाईसा दुकानाकडं." मी त्याला पोट बरं नाही म्हणून सांगितलं. ते त्याला लगेच पटलं.

३ मे

डब्यात गवार. एकेक शेंग नखाएवढी मोडलेली, सगळ्या सारख्या. गवार मोडायला दोन्ही हात लागतात. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि "चांगली झालीया" म्हटलं.

७ मे

प्रसेनजीतचा फोन. बाबा, बोर्ड झाला का? मी म्हटलं, अजून वाळतोय. तो म्हणाला, तीन महिने झाले, बाबा, जगात एवढं काय वाळत नाही. त्याला खरं सांगावं वाटलं. पण आक्काताई शेजारीच बसली होती, शेंगा सोलत. शेंगदाणे, माझ्यासमोर. डावा अंगठा टरफलावर दाबत होती. मी तिच्याकडे न बघता पंख्याकडे बघून बोललो. पंखा बंद होता.

११ मे

सकाळी पावणेदहाला चप्पल घालत होतो. आक्काताई आतून म्हणाली, "आज कुठं जाऊ नका."

स्वयंपाकघरात टेबलावर बोर्ड होता. कपाटातून तिनंच काढलेला. शेजारी सुरी आणि एक कांदा. उद्या बुद्धपौर्णिमा, उद्याचं जेवण घरी करायचं म्हणाली, स्वप्नालीला डबा नको म्हणून कळवलंय. मी म्हटलं, बोर्ड अजून वाळला नाही.

"मागच्या महिन्यातच वाळलाय. मी रोज बोट लावून बघती."

मी पायातली चप्पल काढली. तिनं विचारलं, "कवा कळलं तुमास्नी?" मी म्हटलं, वीस तारखेला. तिनं मान हलवली. "वाटलंच. त्या दिवसापास्नं फोडी मोजायचं बंद झालं तुमचं."

मग म्हणाली, "बसा. बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई. जमंल?"

जमेल म्हटलं. खुर्चीवर बसलो. हात मांड्यांखाली घेतले, कारण त्यांची खात्री नव्हती. तिनं सोललेला कांदा घेतला. सुरीची तिला सवय नाही, सगळा जन्म विळीवर गेला. पण तुमी एवढं उकळून-बिकळून केलाय, तर ह्याच्यावरच चिरती, म्हणाली. मला वाटलं, कांदा खिळ्यांवर टोचेल. तिनं तो खिळ्यांच्या बाजूला ठेवला. डावा हात उचलला, कांद्यावर ठेवला, बोटं मिटली. बोटं थरथरत होती. सुरी खाली आली. कांदा घसरला. मांड्यांखाली माझे हात मुठी झाले होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बसून राहिलो. तिनं परत धरला.

अकरा मिनिटं लागली. मधे दोनदा थांबली. एवढं बघणं मला कारखान्यातल्या कुठल्याही पाळीपेक्षा जड गेलं.

संपल्यावर तिनं सुरी ठेवली आणि विचारलं, "कसा झालाय?" मी म्हटलं, चांगला. ती म्हणाली, "खरं सांगा." मी खाली वाकून बघितलं. म्हटलं, दोन फोडी मोठ्या आहेत, बाकी सारख्या. "आता कसं," म्हणाली.

मग बोर्ड माझ्याकडे सरकवला. "हे खिळे काढून टाका. मधी येत्यात हाताला." मी म्हटलं, भोकं पडतील, ती बुजवायला डिंक लागेल, साधा चालणार नाही, कुठला ते बघावं लागेल.

"बघायला कुठं जाऊ नका आता," ती म्हणाली. "घरातच ऱ्हावा."

खिळे काढले. भोकं तशीच आहेत.